सबनीसकाकांचे टोस्टर

सबनीसकाकांना जेवायला बोलावलं की घरच्या बाईचा जीव थोडा टांगणीला लागायचा. काका आले, बूट काढले, "काय मंजू, बरी आहेस ना?" एवढं झालं की त्यांचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळत. ओट्यावर जे काही असेल, मिक्सर, किटली, कॉफीचं मशीन, ते उचलून ते उलटं करत आणि चष्मा कपाळावर चढवून तळाशी काय लिहिलंय ते वाचत. वस्तू कुठे बनली ते त्यांना बघायचं असे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी साखरेचा डबा उलटा केला. झाकण नीट बसलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, निर्मलाकाकू, खाली बसून साखर गोळा करू लागल्या. काका डब्याचा तळ वाचत म्हणाले, "व्हिएतनाम. मला वाटलंच होतं."

आम्ही तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला नवीन होतो. मी नागपूरची, माझा नवरा मिलिंद पुण्याचा, मुलगी सई इथेच जन्मलेली. सबनीसांचं घर आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून. त्यांचा मुलगा रोहन दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला. त्याला फोनवर बोलायला फार वेळ नसे, त्यामुळे काकांचं बोलणं आमच्या वाट्याला यायचं, आणि मला ते आवडायचं. एखादी बंद पडलेली वस्तू त्यांच्याकडे नेली की ते जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरत, स्क्रूड्रायव्हर घेत आणि म्हणत, "चला, पोटात बघू या." वस्तूच्या खोक्यावर काय छापलंय याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. "खोकं मार्केटिंगवाल्याने लिहिलेलं असतं," ते म्हणत. "पोट इंजिनिअरने लिहिलेलं असतं."

काका सांगलीचे. मुंबईत इंजिनिअर होऊन सत्तरच्या दशकात इकडे आले. नेपरव्हिलच्या पश्चिमेला नदीकाठच्या एका जुन्या गावात टोस्टर आणि इस्त्र्या बनवणारा कारखाना होता, तिथे लागले. पुढे सगळा कारखाना त्यांच्या हाताखाली आला. तिथे त्यांचं नाव डीन होतं, कारण 'दिनकर' कुणाला म्हणता यायचं नाही. मग मालकांनी सगळं उत्पादन चीनला हलवायचं ठरवलं. तिकडची मशिनं लावून द्यायला काकांनाच पाठवलं. ते काही खेपा तिकडे गेले, तिथल्या पोरांना शिकवलं, परत आले आणि इथला कारखाना बंद केला. हे मला काकूंनी सांगितलं. काका त्याबद्दल बोलत नसत. त्या गावावरून गाडी जायची वेळ आली तर ते मोठ्या रस्त्याने लांबून न्यायला लावत.

पुढे आयात मालावरच्या करांच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक जेवणावळीत तोच विषय निघू लागला. कारखाने अमेरिकेत परत येतील का? सगळ्यांना मत होतं. डॉक्टरांना होतं, सॉफ्टवेअरवाल्यांना होतं. काका पुरीचा तुकडा मोडत गप्प बसून ऐकत. एकदा शिकागोत फायनान्समध्ये असलेला एक तरुण त्यांना समजावून सांगू लागला, "काका, इट्स सिंपल. इथली लेबर कॉस्ट बघा. मॅथ वर्क होतच नाही."

काका म्हणाले, "मजुरीचं नंतर बघू. आधी मला स्क्रू कोण देणार ते सांग."

"म्हणजे?"

"म्हणजे टोस्टरला स्क्रू लागतात. पत्रा लागतो, तारा गुंडाळायला अभ्रक लागतो, स्प्रिंग लागते. पूर्वी सगळं मला सायकलवर जाऊन आणता यायचं. आता कुणाकडे जाऊ?"

तो तरुण हसला. काका हसले नाहीत. मला वाटतं, त्या दिवसापासून ते मनात खरंच शोधू लागले होते, कुणाकडे जाता येईल ते.

काही महिन्यांनी काकूंनी मला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यांनी शेड भाड्याने घेतलीय गं. टोस्टर बनवणार म्हणतात. वय किती, आणि हे काय."

शेड त्याच नदीकाठच्या गावात होती. काका आता रोज तिथे जात, आणि मोठ्या रस्त्याने लांबून नाही. जुन्या कारखान्यातली पाच माणसं त्यांनी शोधून काढली होती. त्यांत एक डॉना होती. कारखाना बंद झाला तेव्हा ती चाळिशीची होती, आता साठी ओलांडलेली. मधली वर्षं तिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली होती. काकांनी शब्द टाकला आणि ती तिथली नोकरी सोडून आली. मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा ती टोस्टरचा खटका वरखाली करत आवाज ऐकत होती. काका मला म्हणाले, "हिचे कान बघ. मशीन चुकेल, ही चुकणार नाही." डॉनाला मराठी कळलं नाही, पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं. ती म्हणाली, "हा जे काही सांगतोय त्यातलं निम्मंच खरं धर."

वेबसाइट मी करून दिली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, अमेरिकेत बनवलेला टोस्टर. काकांनी ते काढायला लावलं.

"सगळं इथलं नाहीये. वायर बाहेरची आहे, अभ्रक बाहेरचा आहे. तसं लिही."

"काका, तसं लिहिलं तर कोण घेईल?"

"न घेऊ दे. खोकंसुद्धा आपल्यात इंजिनिअरच लिहिणार."

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार अभिमान होता. ब्रेड भाजला की तो वर उडवणारी स्प्रिंग. तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांत चीनहून आलेली स्प्रिंग होती. ते नमुने पास झाले. पण पुढचा माल बंदरात अडकला, आणि काकांना विस्कॉन्सिनमध्ये शेतीच्या अवजारांच्या स्प्रिंगा बनवणारा एक माणूस भेटला. त्याने थोड्या करून द्यायचं कबूल केलं. काका ती स्प्रिंग खिशात घेऊन हिंडत. मला दाखवली, काकूंना दाखवली, सईच्या हातात दिली. सई म्हणाली, "इट्स अ स्प्रिंग, आजोबा." काका म्हणाले, "हो. पण इथली आहे."

दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी स्टॉल लावला. दुकानात मिळणाऱ्या टोस्टरच्या मानाने किंमत फार जास्त होती. तरी लोकांनी घेतले. मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवरून काकांचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. डॉना स्टॉलमागे काकूंनी दिलेला शेला गळ्यात घालून उभी होती आणि चकलीचा डबा संपवत होती. घरी जाताना एकही खोकं उरलं नव्हतं. काका गाडीत बसले, पट्टा लावला. मग म्हणाले, "घेतले गं लोकांनी."

आमच्या घरी तो टोस्टर रोज चालायचा. जानेवारीत एका सकाळी सईने ब्रेड लावला आणि ती वर बूट घालायला गेली. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. जळका वास आला म्हणून धावले तर ओट्यावर धूर कोंडला होता, ब्रेड कोळसा झाला होता आणि आतल्या तारा तशाच लाल होत्या. ब्रेड वर आलाच नव्हता, आणि खटका वर आल्याशिवाय वीज बंद होत नाही. मी प्लग ओढला. वरच्या कपाटाच्या तळाला काळा डाग पडला होता.

मिलिंद म्हणाला, "काकांना नको सांगूस यार. आपण गुपचूप दुसरा आणू. मोडून जातील ते."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण तो टोस्टर किती घरांत होता ते मला ठाऊक होतं. तो तसाच टॉवेलमध्ये गुंडाळून मी बर्फातून त्यांच्याकडे गेले.

काकांनी टेबलावर टॉवेल पसरला, स्क्रू काढले. त्या दिवशी पोटात बघू या असं म्हणाले नाहीत. खटका दाबला, सोडला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. पुन्हा दाबला. स्प्रिंग चिमटीत धरून त्यांनी ताणली आणि ती परत गेलीच नाही, सैल लोंबत राहिली. उष्णतेने तिचा जोर गेला होता.

"आमच्या जुन्या कारखान्याशेजारी एक स्प्रिंगवाला होता," ते खाली मान घालून म्हणाले. "स्प्रिंग वळून झाली की तो ती भट्टीत परत एकदा तापवायचा, मग ती उष्णतेने सैल पडत नसे. माझ्या ड्रॉइंगवर ते कधीच नव्हतं. सांगायची वेळच आली नाही, तो आपणहून करायचा. मी त्याला ओळखत होतो, त्याच्याकडे चहा पीत होतो. पण तो काय करतो हे मी कधी लिहून घेतलं नाही." स्प्रिंग टॉवेलवर ठेवत म्हणाले, "त्याच्या दुकानाच्या जागी आता बिअर मिळते."

"काका, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"चालवून बघितली असती तर कळलं असतं. स्प्रिंग बदलली की दोन महिने चालवून बघायची, हा माझाच नियम होता. कारखान्यात मी कुणाला सूट दिली नाही. या वेळी आठवडाभर चालवली आणि थांबलो. दिवाळी गाठायची होती."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

काकांनी शेडमध्ये फोन करून काम थांबवायला सांगितलं. मी त्याच टेबलावरून सगळ्यांना ईमेल पाठवली की टोस्टर वापरू नका, प्लग काढून ठेवा. "ईमेल कोण वाचतं," काका कोट घालत म्हणाले. "गाडी काढ. मी जाऊन घेऊन येतो."

पहिलं घर एका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञांचं. ते काकांचे जुने मित्र. काकांनी दारातच सांगितलं, "माझा टोस्टर धोक्याचा आहे. चूक माझी आहे. परत न्यायला आलोय, पैसे देतो." डॉक्टर गडबडले. तळघरात गेले, बराच वेळ खुडबुडले आणि खोकं घेऊन आले. खोक्याची चिकटपट्टी तशीच होती. "अरे दिनकर, उघडायला वेळच झाला नाही बघ," ते म्हणाले. त्यांच्या मागे ओट्यावर दुसरा टोस्टर दिसत होता.

दुसऱ्या घरीही खोकं बंद. तिसऱ्या घरी बाईंनी ते कुणाला तरी वास्तुशांतीला देऊन टाकलं होतं. त्या आठवेनात कुणाला, आणि आठवता आठवता लाल झाल्या. चौथ्या घरी तो फायनान्समधला तरुण. त्याने गॅरेजमधून खोकं आणलं आणि काकांकडे न बघता माझ्या हातात दिलं. "आय रिअली मेंट टु यूज इट, काका," तो म्हणाला. काका म्हणाले, "वापरला नाहीस ते फार चांगलं केलंस."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फिरलो. आमच्या घराच्या पाठीमागे राहणाऱ्या एक अमेरिकन आजीबाई रोज वापरत होत्या आणि परत द्यायला तयार नव्हत्या. काकांनी त्यांना अर्धा तास समजावलं. त्या सोडल्या तर मागची सीट बंद खोक्यांनी भरत गेली. दर घरी काका तेच वाक्य म्हणत, चूक माझी आहे, आणि दर घरी समोरचा माणूस नजर चुकवत असे. माफी मागायला ते गेले होते आणि ओशाळत दुसरेच होते. मला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. ही सगळी चांगली माणसं होती, आणि आमच्या दिवाळीच्या टाळ्या त्यांच्याच होत्या.

संध्याकाळी गाडीत काका म्हणाले, "बरं झालं. उघडलेच नाहीत, बरं झालं. कुणाला काही झालं नाही."

"हो ना," मी म्हटलं.

पुढच्या सिग्नलला त्यांनी मागच्या सीटवरच्या खोक्यांकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "मंजू, हे लोक मला देणगी देत होते गं."

सिग्नल हिरवा झाला तशी मी गाडी पुढे काढली.

शेवटी ते डॉनाकडे जायचं म्हणाले. शेड बंद करायची हे त्यांनी ठरवलं होतं आणि ते फोनवर सांगायचं नव्हतं. तिचं घर लहान, पायऱ्यांवरचा बर्फ तिने नुकताच काढलेला. मी गाडीतच बसणार होते, पण तिने मलाही हाताने आत बोलावलं. स्वयंपाकघरात तिने खुर्ची ओढून दिली. काका बसले नाहीत. टोपी हातात धरून उभे राहिले.

"डॉना, स्प्रिंग गेली. माझ्यामुळे गेली. शेड बंद करतोय."

"तू तपासली होतीस म्हणालास."

"पूर्ण नाही तपासली."

"आम्हाला पूर्ण म्हणालास."

"हो. ते खोटं होतं."

तिने भांड्याखालची आच कमी केली. पाठमोरीच बोलली. "हॉस्पिटलची नोकरी मी तुझ्या शब्दावर सोडली, डीन."

"माहीत आहे."

"माझा हेल्थ इन्शुरन्स त्या नोकरीबरोबर गेला."

"माहीत आहे."

"कारखाना बंद झाला तेव्हा लोक तुला काय काय बोलायचे. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की ते कंपनीने केलं, डीनचा दोष नव्हता." ती वळली. "आता मी काय सांगू?"

"आता डीनचाच दोष होता असं सांग."

"तसं सांगायला मला आवडणार नाही," डॉना म्हणाली.

काकांची मान खाली होती. टोपीची कड ते बोटांनी फिरवत राहिले. एवढा मोठा, सगळ्यांना स्क्रूड्रायव्हर दाखवून शिकवणारा माणूस, आणि त्याला त्या स्वयंपाकघरात कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. परतताना ते एवढंच म्हणाले, "दोनदा घालवली मी हिची नोकरी."

शेड रिकामी झाली. त्या पाच जणांसाठी काकांनी काय केलं ते काकूंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघं दर वर्षी हिवाळ्यात सांगलीला जात, पुढच्या हिवाळ्यात गेले नाहीत, एवढं मला दिसलं. मंडळात येणंही काकांनी सोडलं. गणपतीला तेवढे आले, तेव्हा आरती झाल्यावर लगेच कोट शोधू लागले. कुणी प्रेमाने हाक मारली तरी त्यांना ते खरं वाटत नसावं.

एकदाच ते या विषयावर बाहेर बोलले. जवळच्या कम्युनिटी कॉलेजने त्यांना बोलावलं. घरगुती वस्तूंचं उत्पादन अमेरिकेत परत येऊ शकतं का, असा विषय होता. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग मला गाडी काढायला सांगितली. समोर विशी-पंचविशीची मुलं होती. काका बसूनच बोलले.

"येऊ शकतं," ते म्हणाले. "पण कारखाना म्हणजे इमारत आणि मशीन नव्हे. आमच्या कारखान्याभोवती एक रस्ता होता. स्प्रिंगवाला, पत्र्याला चकाकी देणारा, साचे घासणारा. ते सगळे एकमेकांना न सांगता एकमेकांच्या चुका सांभाळत होते. तो रस्ता घडायला दोन-तीन पिढ्या लागल्या. आम्ही तो थोड्या वर्षांत मोडला, आणि मोडणाऱ्यांत मी होतो. मला वाटलं होतं, सगळं माझ्या डोक्यात आहे, हवं तेव्हा परत मांडू. माझ्या डोक्यात फक्त माझा भाग होता. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर टोस्टरपासून करू नका. स्प्रिंगपासून करा. चांगली स्प्रिंग करायलाच तुमची पाच-दहा वर्षं जातील. तेवढं थांबायला कोण तयार आहे, मला माहीत नाही. मी नव्हतो."

एका मुलीने विचारलं, "तुम्हाला एवढी घाई का होती?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला मरायच्या आधी काही माणसांची माफी मागायची होती. त्यासाठी टोस्टर कशाला लागतो? तसाच गेलो असतो तरी चाललं असतं. पण मला रिकाम्या हाताने जायची लाज वाटली."

काका गेल्या शरदात गेले. झोपेतच. फ्युनरल होममध्ये गर्दी होती, मंडळ सगळं होतं. रोहन इंग्रजीत बोलला, वडील रिटायर्ड इंजिनिअर होते, त्यांना वस्तू दुरुस्त करायला आवडायचं, असं. टोस्टरबद्दल तो बोलला नाही, दुसरं कुणीही बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी तो विषय टाळला आणि टाळतोय हे सगळ्यांना कळत होतं.

डॉना मागच्या बाकावर एकटी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. हॉस्पिटलने तिला परत घेतलं होतं, पण सगळ्यात खालच्या जागेवर, आता तिला शनिवार-रविवार काम असे. "मी अजून त्याच्यावर रागावलेली आहे," तिने मला सांगितलं. "तुला माहीत असावं म्हणून सांगते."

मग ती उठून भेटणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. तिला बघताच निर्मलाकाकूंनी मान खाली घातली. डॉनाने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"कारखाना बंद झाला तेव्हा कंपनीने सगळ्यांना टपालाने कळवलं," ती म्हणाली. "डीन घरी आला होता. पावसात उभा होता. मी दार उघडलं नाही. या वेळी उघडलं. दोन्ही वेळा तो स्वतः आला. दुसरं कुणी आलं नाही."

काकूंना इंग्रजी चांगलं येतं. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि डॉनानेही हात सोडले नाहीत. मागे रांग खोळंबली होती, तरी कुणी पुढे सरकलं नाही.